गंभीर आजार आणि कुटुंबाचा मानसिक आधार : आजारपणात व निधनानंतर मिळणाऱ्या सेवा

प्रस्तावना

घरात कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, पक्षाघात, हृदय किंवा यकृताचा बळावलेला आजार, स्मृतिभ्रंश असे निदान झाले की आजारी एकच व्यक्ती असते, पण आजारपण सगळ्या घराचे होते. कोणाची नोकरी सुटते, कोणाची शाळा बुडते, कोणी महिनोन्‌महिने रात्री जागते. शासकीय योजनांची चौकशी करताना कुटुंबे बहुतेक वेळा शस्त्रक्रियेचा खर्च, औषधे आणि कार्ड यांबद्दल विचारतात. "झोप येत नाही", "सतत रडू येते", "मुलांना काय सांगावे कळत नाही" हे मात्र कोणी बोलत नाही. हे सोसायचेच असते, अशी समजूत असते.

प्रत्यक्षात कुटुंबाला मिळणारा मानसिक आधार हा उपचाराचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या उपशामक काळजीच्या (पॅलिएटिव्ह केअर) व्याख्येत रुग्णाइतकेच कुटुंबालाही स्थान आहे. हा आधार आजारपणात आणि मृत्यूनंतरच्या शोकातही मिळायला हवा. तो कोठे मिळतो, कोणाला भेटावे आणि निधनानंतर कोणती कामे मुदतीत करावीत, याची माहिती या लेखात टप्प्याटप्प्याने दिली आहे. शेवटची वेळ येईपर्यंत थांबू नये. निदान झाल्यापासूनच हा आधार मागता येतो.

कोणत्या व्यवस्थेतून मदत मिळते?

- राष्ट्रीय उपशामक काळजी कार्यक्रम : हा कार्यक्रम २०१२ मध्ये सुरू झाला आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत राबवला जातो. वेदना व इतर त्रास कमी करणे, रुग्ण व नातेवाइकांशी बोलणे आणि घरच्या काळजीचे शिक्षण देणे ही यातील मुख्य कामे आहेत. आपल्या जिल्हा रुग्णालयात "पॅलिएटिव्ह केअर कक्ष कोठे आहे?" अशी चौकशी करावी.
- आयुष्मान आरोग्य मंदिर : पूर्वीच्या आरोग्य व कल्याण केंद्रांचे हे नवे नाव आहे. येथे मिळणाऱ्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी, उपशामक काळजी आणि मानसिक आरोग्य यांचाही समावेश आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची माहिती गावातील आशा कार्यकर्तीला किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला द्यावी, म्हणजे गृहभेटीसाठी त्याची नोंद होऊ शकते.
- जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम : राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि त्याअंतर्गत जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात रुग्णाच्या नातेवाइकालाही स्वतःच्या नावाने केसपेपर काढता येतो.
- टेली मानस : १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकांवर चोवीस तास विनाशुल्क समुपदेशन मिळते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोन लागल्यावर भाषा निवडता येते आणि त्यात मराठीही आहे. त्यामुळे सुरत, हैदराबाद, इंदूर किंवा बेळगाव येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही आपल्या भाषेत बोलता येते. गरज भासल्यास समुपदेशक तज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या रुग्णालयाची माहिती देतात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार शासनाने चालवलेल्या किंवा शासकीय निधीतून चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. ही मदत मागणे म्हणजे "वेड लागणे" नव्हे आणि त्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

पहिला टप्पा : निदान झाल्यानंतर

निदान ऐकल्यावर सुन्न होणे, राग येणे, "रिपोर्ट चुकला असेल" असे वाटणे स्वाभाविक आहे. या काळात पुढील गोष्टी कराव्यात.

१. डॉक्टरांना भेटायला शक्यतो दोघांनी जावे. धक्क्यात असलेल्या माणसाच्या अर्धे बोलणे लक्षात राहत नाही. प्रश्न आधी कागदावर लिहून न्यावेत : आजार कोणत्या टप्प्यावर आहे? उपचाराने काय साधेल? उपचार घेतले नाहीत तर काय होईल? वेदना वाढल्यास कोणाला फोन करायचा?

२. रुग्णापासून सगळे लपवू नये. "त्यांना सांगू नका, खचून जातील" असे अनेक घरांत म्हटले जाते आणि त्यामागे प्रेमच असते. पण घरातली कुजबुज आणि बदललेले चेहरे पाहून रुग्णाला बहुधा अंदाज येतो. मग तो आपली भीती कोणाला सांगू शकत नाही आणि घरच्यांनाही मोकळे होता येत नाही. "तुम्हाला आजाराबद्दल किती माहिती हवी आहे?" असे आधी रुग्णालाच विचारावे. त्याला जितके हवे तितके, हळूहळू सांगावे. हे बोलणे जड जात असल्यास डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांची मदत घ्यावी.

३. खर्चाची चिंता पहिल्याच आठवड्यात मार्गी लावावी. पैशांची धास्ती हे मानसिक ताणाचे मोठे कारण असते. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांचे संरक्षण मिळते. ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठ नागरिक उत्पन्नाची अट न लावता यासाठी पात्र आहेत. योजनेत समाविष्ट असलेल्या देशातील कोणत्याही रुग्णालयात कार्ड चालते. मदत क्रमांक १४५५५ आहे. हे कार्ड दाखल रुग्णांसाठी असून बाह्यरुग्ण तपासणी किंवा घरी येऊन केलेले समुपदेशन त्यात येत नाही. त्यासाठी वर सांगितलेल्या शासकीय सेवा घ्याव्यात.

४. महाराष्ट्रातील कुटुंबांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेची तहसील कार्यालयात चौकशी करावी. कर्करोग, पक्षाघात, क्षयरोग यांसारख्या आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या व्यक्तींचाही या योजनेत समावेश आहे. म्हणजेच या मदतीसाठी मृत्यूपर्यंत थांबावे लागत नाही. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेबाबत समाजकल्याण विभागात विचारावे.

दुसरा टप्पा : काळजी घेणाऱ्याची काळजी

दीर्घ आजारात काळजीचा भार बहुधा एकाच व्यक्तीवर येतो. ती पत्नी, सून, मुलगी किंवा आई असते. पुढील लक्षणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकल्यास त्या व्यक्तीलाही मदतीची गरज आहे असे समजावे :

- रुग्ण झोपलेला असतानाही झोप न लागणे
- जेवणावरची वासना जाणे, वजन घटणे
- लहानसहान गोष्टींवरून चिडणे आणि नंतर अपराधी वाटणे
- स्वतःची रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे चुकणे
- "आता सुटका झाली तर बरे" असा विचार येणे व त्याबद्दल स्वतःला दोष देणे

शेवटचा विचार अनेकांच्या मनात येतो. तो आल्याने माणूस वाईट ठरत नाही. तो थकव्याचा आवाज असतो. माणूस जिवंत असतानाच त्याच्या जाण्याचे दुःख सुरू होणे हेही सामान्य आहे.

उपाय म्हणून कुटुंबाने कामांची वाटणी कागदावर करावी. रात्रीची जागरणे आळीपाळीने ठेवावीत. गावाबाहेर राहणाऱ्या भावंडांना "काही लागले तर सांगा" एवढ्यावर न सोडता ठरावीक काम द्यावे. औषधे आणणे, रुग्णालयाच्या खेपा किंवा महिन्यातून चार दिवस येऊन राहणे, असे काहीही चालेल. अंघोळ घालणे, कूस बदलणे, जखमेची मलमपट्टी या गोष्टी परिचारिकेकडून शिकून घ्याव्यात. काम नीट येत असले की भीती कमी होते.

केरळमध्ये शेजारीपाजारी व स्वयंसेवकांनी एकत्र येऊन घरोघरी रुग्णांची काळजी घेण्याची पद्धत रुजली आणि २००८ मध्ये त्या राज्याने उपशामक काळजीचे धोरण जाहीर केले. मोठे रुग्णालय जवळ नसतानाही प्रशिक्षित परिचारिका आणि शेजारी मिळून कुटुंबाचा भार हलका करू शकतात, हे त्यातून दिसले. आपल्या गावातील बचत गट किंवा मंडळालाही आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसण्याची विनंती करता येईल.

तिसरा टप्पा : अखेरचे दिवस

आजार बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले तरी "आता करण्यासारखे काही नाही" असे होत नाही. वेदना, धाप, उलट्या, अस्वस्थता यांवर उपचार चालू राहतात. रुग्ण वेदनेत गेल्याची आठवण कुटुंबाला वर्षानुवर्षे छळते. म्हणून वेदनाशमनाचा आग्रह धरावा. तीव्र वेदनेसाठी डॉक्टर मॉर्फिन देतात. योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन मृत्यू ओढवून आणत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी अशी औषधे मिळवण्याची पद्धत सोपी करण्यात आली.

घरी काळजी घेणे शक्य नसल्यास अखेरच्या काळातील रुग्णांसाठी असलेल्या संस्थांची चौकशी करावी. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातील अशा प्रकारचे पहिले केंद्र असून गोवा व दिल्ली येथेही त्याच्या शाखा आहेत. पुण्यात सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. अशा ठिकाणी रुग्णाला ठेवणे म्हणजे त्याला टाकून देणे नव्हे.

या दिवसांत रुग्णाला कोणाला भेटायचे आहे, काय सांगायचे आहे, कोठे राहायचे आहे हे विचारावे. बँक खाते, वारसदाराचे नाव, विमा यांची माहितीही शांतपणे घेऊन ठेवावी. घरीच निधन होण्याची शक्यता असल्यास, मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला कोण देईल हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. त्यामुळे ऐनवेळी धावपळ होत नाही.

चौथा टप्पा : निधनानंतर

पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेले असते. दहावा-तेरावा होतो, कोठे चाळिसावा असतो, कोठे महिन्याची प्रार्थना. त्यानंतर नातेवाईक आपापल्या कामाला जातात आणि घर रिकामे होते. खरा एकटेपणा तेव्हा सुरू होतो. म्हणून नातेवाईक, शेजारी, आशा कार्यकर्ती यांनी एक भेट दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आणि एक वर्षश्राद्धाच्या आसपास जरूर द्यावी.

शोकात काय सामान्य असते?

अचानक रडू येणे, काहीच न वाटणे, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आल्यासारखे होणे, "आणखी एका डॉक्टरला दाखवले असते तर" अशी टोचणी लागणे, काही वेळा सुटल्यासारखे वाटणे, हे सगळे शोकाचे भाग आहेत. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते. न रडणाऱ्याला दुःख झालेच नाही असे समजू नये. घरातील पुरुषांना "तूच खचलास तर कसे" असे म्हणून गप्प करू नये.

मदत केव्हा घ्यावी?

शोकाची तीव्रता बहुतेकांमध्ये हळूहळू कमी होते. सहा महिन्यांनंतरही रोजची कामे करता येत नसतील, ओढ आणि वेदना तितकीच तीव्र असेल, तर तो दीर्घकाळ लांबलेला शोक असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे व त्यावर उपचार आहेत. दारू वाढणे, जेवणखाण सोडणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे ही लक्षणे दिसल्यास सहा महिने थांबू नये. लगेच १४४१६ वर फोन करावा. जिवाला तातडीचा धोका असल्यास ११२ वर फोन करावा आणि व्यक्तीला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके व उरलेली औषधे कुलपात ठेवावीत. उरलेले मॉर्फिन ज्या केंद्रातून घेतले तेथे परत करावे.

मुलांशी कसे बोलावे?

"बाबा गावाला गेले", "आजी झोपली आहे" असे सांगू नये. लहान मूल वाट पाहत राहते किंवा झोपायला घाबरू लागते. "बाबांचे शरीर खूप आजारी होते, ते आता वारले, ते परत येणार नाहीत. यात तुझी काही चूक नाही," असे साध्या शब्दांत सांगावे. मुलाने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला तर पुन्हा पुन्हा उत्तर द्यावे. शाळेतील शिक्षकांना कळवावे आणि मुलाचे शाळा-खेळ शक्य तितके लवकर पूर्ववत सुरू करावेत.

पती गमावलेल्या स्त्रीबाबत

बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे अशा प्रथांमुळे शोकात असलेल्या स्त्रीवर अपमानाचाही भार पडतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. महाराष्ट्र शासनानेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा आदर्श घ्यावा असे सांगितले. आपल्या ग्रामसभेतही असा ठराव मांडता येतो.

निधनानंतर मुदतीत करावयाची कामे

ही कामे दुःखात सुचत नाहीत. म्हणून जवळच्या एका नातेवाइकाने किंवा मित्राने ती अंगावर घ्यावीत.

- मृत्यूची नोंद : २१ दिवसांच्या आत करावी. रुग्णालयात निधन झाल्यास रुग्णालय कळवते. घरी झाल्यास कुटुंबाने ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या निबंधकाकडे कळवावे. २१ दिवसांनंतर विलंब शुल्क भरावे लागते आणि ३० दिवसांनंतर वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागते.
- राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाच्या कर्त्या व्यक्तीचे निधन झाल्यास एकरकमी २०,००० रुपये मिळतात. कर्ती व्यक्ती स्त्री असली तरी लाभ मिळतो आणि मृत्यूचे कारण आजार असले तरी चालते. महाराष्ट्रात तहसील कार्यालयात अर्ज करावा.
- प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना : मृत व्यक्तीच्या बँक पासबुकात वर्षाकाठी ४३६ रुपये कापल्याची नोंद आहे का ते पाहावे. असल्यास वारसदाराने त्याच बँक शाखेत दावा करावा. विम्याची रक्कम २ लाख रुपये आहे. २० रुपयांची नोंद असेल तर ती सुरक्षा विमा योजनेची असून ती अपघातासाठी आहे. आजाराने झालेल्या मृत्यूला ती लागू होत नाही.
- विधवा निवृत्तिवेतन : इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील ४० ते ७९ वर्षांच्या महिलेला केंद्राकडून दरमहा ३०० रुपये मिळतात. त्यात राज्ये आपली भर घालतात. वय ४० पेक्षा कमी असल्यास राज्याच्या योजनेची चौकशी करावी.
- मुलांसाठी : मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्व योजनेत पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपये मिळतात. वडील वारलेली मुले तसेच ज्यांचे पालक जीवघेण्या आजाराने ग्रस्त आहेत अशी मुले उत्पन्नाच्या अटीवर पात्र ठरू शकतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करावा किंवा १०९८ वर विचारावे. महाराष्ट्रात बाल संगोपन योजनेचीही चौकशी याच कक्षात होते.

सोबत ठेवावयाची कागदपत्रे : मृत्यू दाखल्याच्या प्रती, मृत व्यक्ती व अर्जदाराचे आधार कार्ड, शिधापत्रिका, दारिद्र्यरेषेचा किंवा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, वयाचा पुरावा आणि मुलांसाठी शाळेचा दाखला. मूळ कागद कोठेही देऊन टाकू नयेत. अर्ज दिल्याची पोच घ्यावी.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण उपचाराला येत नसेल, तर मी एकटी समुपदेशकाला भेटू शकते का?
होय. नातेवाइकाचा ताण हे भेटीचे पुरेसे कारण आहे. टेली मानसवरही तुम्ही स्वतःसाठी बोलू शकता.

उपशामक काळजी घेतली तर केमोथेरपी किंवा डायलिसिस बंद होते का?
नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. ही काळजी लवकर सुरू केलेली बरी.

घरात कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला तर गुन्हा दाखल होईल या भीतीने दवाखान्यात न्यायचे टाळतो. खरे काय?
मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि सामान्यतः तिला शिक्षा केली जात नाही. तिची काळजी घेणे ही शासनाची जबाबदारी मानली आहे. ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आई-वडील एकटे राहतात. त्यांच्यापैकी एक गेले. आम्ही दूर आहोत. काय करावे?
ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. गावातील आशा कार्यकर्तीचा व एका शेजाऱ्याचा क्रमांक आपल्याकडे ठेवावा आणि रोज ठरलेल्या वेळी फोन करावा.

महत्त्वाचे क्रमांक

- टेली मानस : १४४१६
- आयुष्मान भारत : १४५५५
- बालकांसाठी : १०९८
- महिलांसाठी : १८१
- ज्येष्ठांसाठी : १४५६७
- तातडीची मदत : ११२

रकमा आणि अटी राज्यानुसार वेगळ्या असू शकतात व वेळोवेळी बदलतात. त्यामुळे अर्जापूर्वी संबंधित कार्यालयात खात्री करून घ्यावी. समुपदेशनासाठी मात्र कोणताही दाखला लागत नाही. आपल्या घरात किंवा शेजारी असे आजारपण असेल, तर आजच आशा कार्यकर्तीला कळवावे किंवा १४४१६ वर फोन करावा.